भाऊजींचं आपोआप चाक

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा काहीएक संबंध नाही अशा सर्वांसही, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की काल दुपारी, जेवण आटोपून मी नुकताच आडवा झालो असताना, आमच्या घरातला छताचा पंखा थांबला. जीवितहानी नाही. बायकोने "गेली लाईन" एवढाच शोकप्रस्ताव मांडला आणि ती पदराने वारा घेत अंगणात निघून गेली.

मी मात्र शेवटपर्यंत पंख्याजवळ होतो. पंखा एकदम थांबत नाही. आधी त्याचा आवाज जातो, मग त्याची पाती वेगवेगळी दिसायला लागतात, मग एकेक पातं ओळखता येतं. हे माशीच्या डागाचं, हे वाकलेलं. शेवटचा फेरा तर इतका सावकाश असतो, की वाटतं, आता पुरा होतो की नाही. तो पुरा झाला नाही. वाकलेलं पातं माझ्या डोक्यावर आलं, थबकलं, बोटभर मागे सरकलं आणि उभं राहिलं. ते मागे सरकणं माझ्या ओळखीचं होतं.

मी उठून दारात गेलो. चंद्रपूरची भादव्यातली दुपार. आभाळ खाली उतरून भांड्यावरच्या झाकणासारखं बसलेलं. ऊन नाही, पाऊस नाही, वारा नाही. समोरच्या कडुनिंबाचं एक पान हलत नव्हतं.

"वारा नाही का गं अजिबात?" मी विचारलं.

"नाई. काऊन?"

"मासे..."

"कोनते मासे?" बायको म्हणाली. "आपल्या घरी मासे कुठी हायेत?"

खरंच आहे. आमच्या घरी मासे नाहीत. पण उकाडा असा तुंबला की मला मासे आठवतात. बाजारात रंगीत मासे विकणाऱ्या दुकानापुढे मी उगाच उभा राहतो आणि त्यांच्या टाकीतले बुडबुडे चालू आहेत ना, ते पाहून घेतो. दुकानदार मला गिऱ्हाईक समजून बाहेर येतो. मी मान डोलावून पुढे जातो. माणसाला काळजी एकदा लागली की ती जागा बदलते, पत्ता बदलते, पण जात नाही. ती फक्त दरवर्षी आपल्या हंगामात येते, आंब्यासारखी.

माझ्या काळजीचा हंगाम पोळ्याच्या आसपासचा. तिचा पत्ता गोंडपिपरीच्या पुढचा.

माझी थोरली बहीण, आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात, त्या बाईचं सासर तिथल्या एका गावात आहे. गाव संपतं तिथे पाटी वगैरे काही न लावता जंगल सुरू होतं. साग, बांबू, मोहाची जुनी झाडं. गावाच्या वरच्या अंगाला मोठा तलाव आणि त्याच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, एक लहानशी बोडी, छोटं तळंच. तलावात जाळी टाकायची ती गड्यांनी, मासे टोपल्यात घालून बाजाराला न्यायचे ते बायांनी, अशी तिथली जुनी वाटणी. काही वर्षांमागे बाईने ती मोडली. बचत गटातल्या बायांना गोळा करून ती ग्रामसभेत उभी राहिली आणि म्हणाली, या बोडीत माशांचं बीज आम्ही वाढवू.

गड्यांचे पुढारी चंपतभाऊ. तलावावर आयुष्य काढलेला, आवाजाने पाळ फोडील असा माणूस.

"पोरं वाढोवनं आनि बीज वाढोवनं येक नोहोय व बाई," ते म्हणाले.

"पोरं बी आमीच वाढोवली," बाई म्हणाली. "तुमी फकत नावं ठेवली."

सभा हसली आणि बोडी मिळाली. पण हसून झाल्यावर चंपतभाऊंनी अट घातली, सगळ्यांसमोर. यंदा बीज जगलं तर बोडी बायांची. मेलं तर पुन्हा या विषयावर तोंड उघडायचं नाही.

बीज आणलं तेव्हा मी नव्हतो. पण बाईने फोनवर इतक्यांदा सांगितलं की मला ते पाहिल्यासारखं वाटतं. हवा भरलेल्या पिशव्या, त्यात जिऱ्यासारखे हलणारे ठिपके. त्यांना जिरेच म्हणतात. बोडीच्या कोपऱ्यात काठ्या रोवून, त्यांना बारीक जाळी बांधून, एक पाण्याची खोली केली होती आणि त्यात ते सोडले होते. जिऱ्यांना डोळे फुटले, शेपट्या आल्या, मग ते बोटाच्या पेराएवढे झाले. रोज सकाळी बाई त्यांना भाताचा कोंडा आणि तेलबियांची ढेप खाऊ घालायची. पाण्यात हात घातला की ते बोटांना ढुशा देत. "गुदगुल्या करून राह्यले माह्ये," ती मला फोनवर म्हणायची. माझी बाई, जिने स्वतःच्या लेकरांना कधी लाडाने हाक मारली नाही, ती असं बोलायची.

पोळ्याला मी गेलो, कारण मला बोलावणं होतं. थंडीत मी झाडीपट्टीच्या नाटकांतून राजे आणि खलनायक करतो. त्यामुळे पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या, म्हणजे बैलांपुढची खटकेबाज कवनं, म्हणायला आवाजवाला माणूस म्हणून माझी सासुरवाडी आणि बाईचं सासर, दोन्हींकडून मला मागणी असते. बैल धुतले होते, शिंगं रंगवली होती, घरात वास्त्यांच्या भाजीचा, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांचा, तो आंबूस वास भरला होता. मी घसा साफ केला, पहिली झडती उचलली आणि पाऊस आला. असा आला की बैलांच्या शिंगांचा रंग त्यांच्या डोळ्यांत उतरला. जंगलात कुठेतरी सागाचं झाड तारांवर पडलं आणि गावातली लाईन गेली. नाला पुलावरून वाहू लागला आणि रस्ता गेला. मग मोबाईलच्या मनोऱ्याने मान टाकली. आणि एवढं सगळं नेल्यावर, जाता जाता, पावसाने वाराही नेला.

उरला तो उकाडा. आभाळ भरलेलं आणि हलायला तयार नाही.

मला आधी कळलं नव्हतं की त्यात भिण्यासारखं काय आहे. बाईने पहाटे मला पाळीवर नेलं तेव्हा कळलं. जाळीच्या खोलीत, पाण्याच्या वर, तोंडंच तोंडं होती. इवलीइवली, गोल, उघडी. सगळे मासे वर येऊन हवा गिळत होते. त्यांचा आवाज येत होता. हजार माणसं ओठ न हलवता कुजबुजावीत तसा. ऊन नसलं की पाण्यातलं हिरवं शेवाळ काम करत नाही, वारा नसला की पाणी ढवळत नाही, आणि पाणी आपल्याच पोटात गुदमरतं. मोटर लावून पाणी उडवलं की झालं. पण मोटरला लाईन हवी. गावातलं एकुलतं डिझेल इंजिन धानाच्या रोवणीसाठी नेलेलं, नाल्यापलीकडे अडकलेलं.

बाई लुगडं खोचून पाण्यात उतरली आणि पळसाच्या फांदीने पाणी झोडपू लागली. मागून गटातल्या बाया उतरल्या. जनाबाई, जिची जीभ तालुक्यात प्रसिद्ध आहे, तीसुद्धा त्या सकाळी मुकी होती. फांद्यांचा सपसप आवाज तेवढा. जिथे पाणी उडायचं तिथे तोंडं मिटायची. दुसरीकडे उघडायची.

इथे माझ्या भाऊजींचा प्रवेश होतो. प्रवेशाला संगीत हवं, पण लाईन नव्हती.

भाऊजी, म्हणजे बाईचे यजमान, निवृत्त लाईनमन. आयुष्यभर खांबावर चढलेला माणूस, आणि आयुष्यभर लोकांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, "लाईन कवा येईन जी?" बाजारात विचारला, मयतीत विचारला, स्वतःच्या लग्नात बाशिंग बांधून बसले असताना भटजींनी विचारला. हा माणूस निवृत्त झाला तेव्हा त्याने मनाशी एक गोष्ट ठरवली होती. लाईन नसताना फिरेल असं काहीतरी करायचं. असं चाक, ज्याला वीज नको, तेल नको, बैल नको. एका बाजूने वजनाने ओढायचं, दुसऱ्या बाजूने चुंबकाने ढकलायचं, आणि त्याने जन्मभर फिरत राहायचं.

गोठ्यात ते चाक उभं होतं. जुन्या सायकलचं चाक, त्याच्या आऱ्यांना तिरप्या बांधलेल्या बांबूच्या नळ्या. प्रत्येक नळीत जाळ्याच्या कडेला लावतात ते शिशाचे मणी. नळी खाली यायला लागली की मणी घरंगळून बाहेरच्या टोकाला जाणार, वर जायला लागली की आत येणार. म्हणजे उतरती बाजू नेहमी जड. कडेला काळ्या गोल चकत्या, चुंबकाच्या, आणि तशाच काही भोवतीच्या लाकडी चौकटीवर. त्या मी पुरवल्या होत्या. आमच्या नाटक मंडळीचे फुटके भोंगे आणि खोके मी पोत्यात भरून आणून दिले होते आणि भाऊजींनी त्यांची काळजं काढून घेतली होती. ज्या चुंबकांनी माझ्या मरणाच्या किंकाळ्या चार गावांना ऐकवल्या, ते आता चाकावर निमूट बसले होते.

"पाहा राजे," भाऊजी मला राजेच म्हणतात, "इकडून वजन ओढते, तिकडून चुंबक ढकलते. मंग हे थांबन कायले?"

मला उत्तर येत नव्हतं. चाकाला येत होतं. ते थांबायचं. रोज थांबायचं, आणि एकाच जागी थांबायचं, चौकटीवरच्या, गाईच्या खुंट्याकडच्या चुंबकासमोर. तिथे आलं की थबकायचं, बोटभर मागे सरकायचं आणि उभं राहायचं. भाऊजी चुंबक थोडा हलवायचे, जसं झोप न येणारा माणूस उशी हलवतो. आता फिरेल. आता नक्की. बाई त्या चाकाला सवत म्हणायची.

पुढे मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. चुंबक चाकाला जवळ बोलावतो तेव्हा किती ओढीने बोलावतो! चाक धावत येतं. आणि आलं की तोच चुंबक त्याला पुढे जाऊ देत नाही. जेवढं दिलं तेवढं वसूल करतो. वजनाचंही तेच. उतरताना जे हसत देतं ते चढताना रडवून परत घेतं. माझ्या घरातली काही माणसं अशी आहेत, त्यांची नावं मी लिहिणार नाही, आम्हाला एकत्र जेवायचं असतं.

तर त्या सकाळी भाऊजींनी चाक गोठ्यातून काढलं. आसाला तेलाच्या डब्याचे पत्रे कापून वल्ह्यांसारखे जोडले आणि चौकटीसकट ते बोडीवर आणलं. आणलं म्हणजे मी आणि आणखी दोघांनी डोक्यावरून आणलं. ते पुढे छत्री घेऊन चालत होते. बाया पाण्यात थकून उभ्या होत्या, हात लोंबत होते. चौकट चिखलात रोवली. पत्रे पाण्यात टेकले.

जनाबाईची वाचा परत आली. "फिरन का जी हे?"

"फिरन. फकत सुरवातीले धक्का द्या लागते," भाऊजी म्हणाले. "यष्टीले नाई का लागत?"

मी धक्का दिला. शिशाचे मणी नळ्यांतून खडखडत धावले, पत्र्यांनी पाणी उचललं आणि फेकलं. ते उडालेलं पाणी! फांदीने उडतं तसं नव्हे, पंखा पसरल्यासारखं, सलग. जाळीतली तोंडं वळली. सगळी त्या बाजूला. बाईने दोन्ही हात छातीवर धरले. चाक हळू झालं, थबकलं, बोटभर मागे सरकलं.

"अजून मुरलं नाई थे," भाऊजी म्हणाले. "आनखी येक."

आणखी एक दिला. मग आणखी एक. भाऊजी पाळीवर छत्रीखाली बसले आणि विड्याचं पान लावू लागले. त्यांची मान खाली गेली तसं चाक हळू होऊ लागलं, आणि मी पाहिलं, जनाबाईने कुणी पाहत नाही असं पाहून तळहाताने चाकाला एक चापट मारली. भाऊजींनी मान वर केली. चाक फिरत होतं.

त्यांचा चेहरा मी काय सांगू. मी रंगमंचावर राज्याभिषेक करून घेतले आहेत, पण तसा चेहरा मला कधी करता आला नाही.

त्यानंतर आमची सगळ्यांची सुटका नव्हती. ते पाहायचे तेव्हा चाक फिरत असायला हवं होतं, आणि ते पाहत नसायचे तेव्हा माशांसाठी फिरत असायला हवं होतं. ते जेवायला गेले, परत आले, फिरत होतं. बाई पाण्यात उभी राहून पायाने पत्रा ढकलायची, वरून चेहरा कीर्तनाला बसल्यासारखा. गटातल्या बाया जाळी नीट करायला म्हणून यायच्या आणि जाताना हात लावून जायच्या. मी तर चाकाला टेकून उभं राहून त्याच्या रचनेचं मोठ्याने कौतुक करायचो आणि पाठीने ढकलायचो. प्रत्येकाला वाटत होतं, लबाडी आपण एकटेच करतो आहोत.

चंपतभाऊ मजा पाहायला आले. बिडी पेटवून उभे राहिले. बराच वेळ पाहिलं. पाण्यातली तोंडं पाहिली आणि बिडी विझवली. मासे कुणाचेही असोत, तलावावर जन्म काढलेल्या माणसाला ती तोंडं पाहवत नाहीत. भाऊजी पलीकडे चुंबक पुसत होते. चंपतभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं आणि चपलेतून पाय काढून चाकाला एक दणका दिला.

"काय पाह्यतं बे?" ते मला म्हणाले.

"काही नाही भाऊ."

"मंग तिकडं पाह्य."

मी तिकडे पाहिलं. तिकडे जंगल होतं. मोहाची ओली झाडं, खोडांवर शेवाळ, आणि एक पान हलेल तर शपथ. मी आयुष्यात कुठल्या नटाची वाट पाहिली नाही तेवढी त्या पानाची पाहिली. दिवसभर आमचं हेच, एक डोळा पाण्याकडे आणि एक झाडांच्या शेंड्यांकडे. कुणी कपाळावरचे केस सारले तरी दुसरा विचारायचा, "वारा आला का?" काळजीत माणूस किती बारीक पाहायला शिकतो! सुखात मला कडुनिंब आणि बकान यांतला फरक कळत नाही. त्या दिवसांत मला कुठल्या झाडाचं पान आधी हलेल हे कळत होतं.

आणि त्या काळजीच्या आत दुसरी काळजी होती. भाऊजी आनंदाने फुलत चालले होते. पाळीवर येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगत होते. नाला उतरला की असंच मोठं चाक करून तलावावर बसवायचं, मग मोटा, मग पिठाची गिरणी, मग अख्ख्या गावाचे दिवे. सरपंच म्हणाले, पेपरवाल्याला बोलावू. मी जेवढ्या वेळा चाक ढकलत होतो तेवढ्या वेळा त्या माणसाला आणखी उंच खांबावर चढवत होतो, आणि खाली धरायला कुणी नव्हतं. थांबावं, तर मासे मरतात. थांबू नये, तर हे खोटं आणखी मोठं होतं. जन्मभर तारा जोडलेल्या माणसाला कळत नसेल का, असंही मला मधूनच वाटायचं. पण ते इतके खूश दिसत होते, की विचारायची हिंमत होत नव्हती.

बाईला मी हळूच म्हटलं, "बाई, भाऊजींना सांगावं का?"

ती पाण्यात उभी होती, बोटांची कातडी भिजून पांढरी पडली होती. "आधी जीव वाचू दे," ती म्हणाली. "मंग सत्य पाहू."

काल पंखा थांबल्यावर मी खाटेवर बसून हे सगळं पुन्हा पाहत होतो. बायकोने आत येऊन मला पाणी दिलं आणि म्हणाली, "येवढा कायचा घाम?" मी म्हटलं, चाक ढकलतोय. तिला ती गोष्ट पाठ आहे. तिने नुसता हात माझ्या कपाळाला लावला. आता वाटतं, कुठलंच चाक आपोआप फिरत नाही हे मला ठाऊक होतंच, शाळेत शिकवलं होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की फिरतं चाक पाहिलं की आपण विचारतही नाही, कुणाचा हात लागतो आहे.

आता शेवटचा प्रवेश. दुसऱ्या दिवशीची सकाळ, अख्खं गाव पाळीवर. पडदा नेमका कुठे पाडायचा हे मला धंद्यामुळे कळतं, म्हणून पुढचं आधीच सांगून ठेवतो. त्या दिवशी दिवस कलताना मोहाचा शेंडा हलला, मग बांबू करकरला, मग पाण्यावर काटा आला. वारा. थोडे मासे गेले. बाईने ते ओंजळीने वेचले. पण बरेच जगले, बोटाएवढे झाले, वीतभर झाले, आणि बोडी अजून बायांकडे आहे. पण त्या सकाळी यातलं काही आम्हाला ठाऊक नव्हतं. आभाळ तसंच होतं. तोंडं तशीच वर आली होती. चाक फिरत होतं. माझा हात त्याच्या मागे, जनाबाईचा पुढे, खाली पाण्यात बाईचा पाय.

चंपतभाऊ पुढे आले. त्यांना सगळं ठाऊक होतं, त्यांच्या पायाला ठाऊक होतं. पण जित्याची खोड. सरपंचांच्या, गड्यांच्या, बायांच्या समोर त्यांनी आवाज लावला.

"हे आपोआप फिरते मनता ना गा? मंग सगळे जन हात काढा. दूर व्हा. पाहू तं खरं."

कुणीच हात काढला नाही. मणी खडखडत होते तेवढेच. जनाबाईने माझ्याकडे पाहिलं, मी बाईकडे. आणि मग सगळ्यांनी भाऊजींकडे. त्यांनी होय म्हणायचं होतं. नुसती मान हलवली असती तरी आम्ही हात काढले असते. ते कमरेएवढ्या पाण्यात उतरून उभे होते, छत्री मिटलेली, आणि पत्र्यांखाली गोळा झालेल्या त्या तोंडांकडे पाहत होते. माझी बोटं चाकावरून सैल झाली. चाक हळू झालं. गोठ्यात खुंट्याकडे असायचा तो चुंबक जवळ आला. तोंडं वर आली. आणि भाऊजी, ज्यांनी जन्मभरात बाईसमोर कधी आवाज चढवला नव्हता, दोन्ही हात पसरून ओरडले,

"अबे हात नोका काढू! थांबन ना थे... मासे मरतीन!"